हलू नका

लोणावळ्याच्या बाजारात मला माझ्या खऱ्या नावानं ओळखणारी माणसं फार थोडी. पोस्टमास्तर, स्टेशनमास्तर आणि घरी बायको. त्यातही बायको नाव घ्यायची नाही, म्हणजे तिला धरता येणार नाही. बाकी सगळ्या मावळात माझं नाव ‘हलूनका’. पार पवन मावळातून माणसं यायची, स्टेशनबाहेर उतरून “हलूनकाचं दुकान कुटं हाय?” असं विचारायची, आणि पानवाला न चुकता माझ्याकडे बोट दाखवायचा. सुरुवातीला मला राग यायचा. पुढे धंदा चालायला लागला तसा रागही गेला.

नाव पडायचं कारण उघड आहे. माझा पहिला कॅमेरा म्हणजे तीन पायांवर उभी केलेली शिसवी पेटी. तिला पुढे पितळी नळकांडं, मध्ये लोहाराच्या भात्यासारखा चामड्याचा भाता, मागे दुधी काच. डोक्यावरून काळं कापड ओढून त्या काचेत पाहिलं, की समोरची माणसं दिसायची, पण खाली डोकं वर पाय. एकदा का चित्र नीट बसलं, की दुधी काचेच्या जागी फोटोची काच सरकवायची. त्या काचेवर मसाला असतो आणि त्या मसाल्यावर उजेड पडला की फोटो उमटतो. पण ती काच आत गेल्यावर कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. मग कापडाबाहेर यायचं, कॅमेऱ्याशेजारी उभं राहायचं, माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणायचं, “हलू नका,” आणि नळकांड्यावरची टोपी काढायची. उजेड चांगला असला तर एक आकडा, ढगाळ असलं तर चार-पाच आकडे मनात मोजायचे आणि टोपी परत घालायची. तेवढ्या वेळात जे हललं ते धूर झालं.

माझा पुतण्या हल्ली रविवारी मुंबईहून येतो. गळ्यात मुठीएवढा कॅमेरा, त्यात फिल्मची गुंडाळी. राजमाचीच्या वाटेवर फटाफट बटणं दाबत सुटतो आणि मला विचारतो, “काका, तुम्ही एका फोटोला एवढा वेळ काय करत होतात?” मी त्याला म्हणालो, समोरच्या माणसाकडे बघत होतो. त्याला वाटलं म्हाताऱ्यानं कोपरखळी मारली. मारली होतीच, पण खोटं नव्हतं. या छोट्या कॅमेऱ्यानं माणूस सटकन पकडता येतो हे मला कबूल आहे, पण डोळा त्या भोकाला लागलेला असल्यामुळे फोटोवाल्याचं तोंड कुणाला दिसत नाही. आमच्या वेळी समोरच्याला माझं तोंड बघत बसावं लागायचं, बिचाऱ्याला.

त्या पेटीचे हट्ट फार. पावसाळ्यात मुंबईचे लोक घाटातले धबधबे बघायला यायचे आणि धबधब्यापुढे उभं राहून फोटो मागायचे. पाणी काही माझं ऐकून थांबत नाही. एका वकिलानं फोटो हातात घेतला आणि मागे धोतर कुणी वाळत घातलंय म्हणून विचारलं. मी म्हणालो, तोच धबधबा. तो पैसे न देता निघून गेला आणि वर लोकांना सांगत सुटला. असल्या माणसांचा मला मनस्वी कंटाळा.

उलट त्या संथपणाचा फायदाही होता. खेड्यातली जोडपी आली की नवरी मान खाली घालून बसायची, चेहरा पदरात. हसा म्हटलं तर आणखी खाली. मग मला एक युक्ती सुचली. टोपी काढायच्या आधी मी सांगायचो, “बाई, मनातल्या मनात यांचं नाव घ्या. आम्हाला ऐकू येत नाही.” मनातल्या मनात उखाणा जुळवायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच माझ्या काचेला लागायचा. नावाशी आली की चेहऱ्यावर जे यायचं ते काय वर्णावं! पुतण्याच्या कॅमेऱ्यात ते येत नाही. त्याचं बटण उखाण्याच्या पहिल्या शब्दालाच दाबून झालेलं असतं.

पण त्या पेटीनं मला एका माणसापुढे पार हात टेकायला लावले, आणि मला खरं सांगायचंय ते त्याच माणसाबद्दल.

कार्ल्याच्या अलीकडे वाकसईला चिमाबाई म्हणून एक विधवा बाई राहायची. बाजाराच्या दिवशी टोपलीत अंडी आणि रानभाज्या घेऊन यायची, आमच्या दुकानासमोरच्या उंबराखाली बसायची. तिची मान हलायची. थोडीशी नव्हे, सारखी, डावीकडून उजवीकडे, नाही नाही म्हणावं तशी. झोपेत काय ती थांबायची, असं तिची शेजारीण सांगे. कुणी विचारलं की चिमाबाई म्हणायची, नामदेव पोटात असताना तापानं फणफणले होते, ताप गेला आन ही ऱ्हायली. तिला त्याचं दुःख नव्हतं. उलट बंगलेवाल्यांचा आचारी अंड्यांना भाव सांगायचा, चिमाबाईला तो मनातून पसंत असायचा, पण मान नाही म्हणायची. आचारी वैतागून भाव चढवायचा. सगळा बाजार हसायचा आणि सगळ्यात जास्त ती हसायची.

नामदेव हा तिचा एकुलता मुलगा. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला मोजका. पहिल्या जर्मन लढाईच्या वेळी मावळात भरती सुरू झाली तेव्हा तो जाऊन नाव घालून आला. घरी दोन एकर भाताचं खाचर, त्यात दोघांचंही धड भागत नव्हतं. आईला विचारलंस का म्हणून मी त्याला एकदा हटकलं. तो म्हणाला, विचारलं, आय तोंडानं व्हय म्हनली. “आन मान?” म्हणून पानवाल्यानं मध्येच तोंड घातलं. नामदेव म्हणाला, मान तर काय नेहमीचीच. सगळे हसले, तोही हसला, पण नंतर बराच वेळ उंबराच्या मुळीवर बसून राहिला.

पुण्याच्या छावणीतलं शिक्षण संपवून तो चार दिवसांच्या रजेवर घरी आला. पुढे मुंबईहून बोट होती, बसऱ्याकडे जाणार म्हणत होते. दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन तो माझ्या दुकानात हजर. खाकी कपडे, पायात बूट. म्हणाला, “भाऊ, आयचा फोटू पायजे. संगं न्यायला.”

मी चिमाबाईला खुर्चीवर बसवलं आणि आतून लोखंडी चिमटा आणला. तोही आमच्या धंद्यातला एक नग आहे. खुर्चीमागे उभा करायचा, त्याला वर दोन बोटं असतात, ती डोक्याच्या मागच्या बाजूला टेकवायची, म्हणजे माणूस डुलत नाही. फोटोत तो दिसत नाही. ऐटीत बसलेल्या कितीतरी इनामदारांची मान मी त्यानं धरून ठेवलेली आहे. चिमाबाईच्या डोक्याला तो लावला आणि चिमटाच खडखडायला लागला. तिला गुदगुल्या झाल्यासारखं हसू फुटलं. नामदेवानं दोन्ही हातांनी तिची कानशिलं धरून पाहिली, तर त्याचे हातही हलायला लागले. शेवटी चिमटा बाजूला ठेवून मी तशीच टोपी काढली. बाहेर ऊन होतं, कपाळाला आठ्या घालून मी एकच आकडा मोजला.

अंधाऱ्या खोलीत काच धुतली तेव्हा मला पाहावेना. लुगड्याची एक न् एक चुणी आलेली, हातावरच्या शिरा मोजून घ्याव्यात, टोपलीची वीण दिसतेय, आणि मानेच्या वर नुसता धूर. धुरात कुठं डोळ्यांची सावली, कुठं कुंकू नसलेलं कपाळ. दुसरी काच घेतली, तीही तशीच. बाहेर आलो तर चिमाबाईनं विचारलं, “भाऊ, माजं तोंड हाय का त्यात?”

मी म्हणालो, मावशी, थोडं हललंय. ती म्हणाली की तसं असंल तर लुगड्याचाच फोटू द्या लेकाला, लुगडं तरी बरं आलंय का. ती चेष्टा करत होती. नामदेव मात्र हसला नाही. त्यानं ती ओली काच उजेडात धरायला मागितली, नीट बघितली आणि परत दिली. पण त्याच्या तोंडावरून मला कळलं, की आईचा चेहरा बरोबर नसताना बोटीत चढायची त्याला भीती वाटत होती. मला स्वतःची लाज वाटली. एवढं पितळ आणि शिसव बाळगून मला एका बाईचं तोंड उतरवता येत नव्हतं.

तेव्हा मला शेटजींचा कॅमेरा आठवला. खंडाळ्याच्या वाटेवर एका मुंबईच्या शेटजींचा बंगला होता. त्यांना फोटोचा भारी नाद. विलायतेहून त्यांनी आरशाचा कॅमेरा मागवला होता. धावता घोडासुद्धा जागच्या जागी थिजवील असा त्याचा पडदा झपकन सरकायचा. शेटजींना त्यांच्या कुत्र्यानं चेंडूवर घेतलेली उडी पकडायची होती. त्यांच्या काचा धुवायला माझ्याकडे यायच्या म्हणून सांगतो, एका काचेवर नुसतं शेपूट, एका काचेवर चेंडू, आणि बाकी सगळ्यांवर स्वच्छ हिरवळ. कॅमेरा चपळ होता, शेटजी निवांत होते. कुत्रा उडालेला दिसला की ते बटण दाबायचे, आणि तोवर कुत्रा चेंडू घेऊन पायाशी आलेला असायचा.

मी बंगल्यावर गेलो आणि हात जोडून कॅमेरा मागितला. शेटजींनी कुणासाठी म्हणून विचारलं. चिमाबाईचं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण मी मान हलवून दाखवली तशी त्यांनी ओळखली. अंड्यांना भाव वाढवून देणाऱ्यांत त्यांचा आचारीही होता. ते लगेच तयार झाले. फक्त एक अट घातली: कॅमेरा कुणाच्या हातात द्यायचा नाही, फोटो ते स्वतः काढणार. आता आली का पंचाईत! लढाईमुळे विलायतेहून काचा येत नव्हत्या, त्या कॅमेऱ्यात बसणारी शिल्लक काच एकच होती आणि शेटजींच्या हातून ती हिरवळीवर जाणार हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्याच्या अंगणात चिमाबाईला बसवलं. मी शेटजींना अगदी गंभीरपणे सांगितलं, की चेहऱ्यावर एका बाजूनं सावली पडते, कुणीतरी जाणत्या माणसानं पांढरी चादर धरून ऊन तिच्याकडे परतवायला हवं, ते काम गड्याला जमायचं नाही, त्याला फोटोतलं कळावं लागतं. शेटजी खूश झाले. स्वतः चादर ताणून उन्हात उभे राहिले आणि घाम पुसायलासुद्धा त्यांनी हात सोडला नाही. कॅमेरा माझ्या हातात आला.

त्या कॅमेऱ्याची तऱ्हा उलटी. वरच्या चामड्याच्या धुराड्यात तोंड घालून खाली बघायचं, आत आरशात माणूस सुलटा दिसतो, हलतो, बोलतो, सगळं दिसतं. पण बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि तेवढ्यापुरता अंधार होतो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच फोटोवाल्याला दिसत नाही. आधीचा दिसतो, नंतरचा दिसतो. त्यामुळे बघून दाबायचं नसतं, आता येणार असं जाणून दाबायचं असतं. शेटजींना हेच कधी उमगलं नव्हतं.

मी नामदेवाला माझ्या शेजारी उभा केला आणि हळूच सांगितलं, उद्या स्टेशनावर आईला जे म्हणणार ते आत्ता म्हण. तो एकदम गोरामोरा झाला. घसा खाकरला. मग म्हणाला, “आये, येतो गं.”

आपल्याकडे निघताना कुणी जातो म्हणत नाही आणि निरोप देणारा जा म्हणत नाही. चिमाबाईनं डोळे वर केले, ओठ उघडले, आणि मला कळलं की आता ‘ये’ येणार. मी बटण दाबलं. अंधार झाला. अंधारातच “ये बाबा” ऐकू आलं. पुन्हा उजेड झाला तेव्हा तिची मान नेहमीसारखी चालली होती.

काच घेऊन दुकानात आलो, आतून कडी लावली. मसाल्याच्या पाण्यात चेहरा वर यायला लागला. कपाळावरचं गोंदण, डोळ्यांच्या कडेच्या बारीक सुरकुत्या, उघडे ओठ, सगळं निवळशंख. बाजारात इतकी वर्षं समोर बसणारी बाई, आणि तिच्या डाव्या भुवईत तीळ आहे हे मला त्या दिवशी कळलं. आनंदानं मी बायकोला हाक मारली. तीही बघत राहिली. म्हणाली, किती देखणी आहे हो ही.

छापलेला फोटो बघून चिमाबाई म्हणाली, ही तर माज्या थोरल्या भनीवानी दिसती. नामदेवानं तो दोन्ही हातांत धरला. “आय अशी दिसती व्हय,” एवढंच म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पोटाला चिमटा घेऊन वाढवलेलं पोर, पण आईचा जागेपणीचा चेहरा त्यानं जन्मात पहिल्यांदा स्थिर पाहिला होता. मला त्या दिवशी धंद्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुन्हा कधी वाटला नाही. छोटी प्रत त्यानं खिशात घातली. मोठी प्रत मी चिमाबाईला चौकटीत बसवून दिली. लढाईमुळे काच मिळत नव्हती. बिघडलेल्या फोटोची काच गरम पाण्यात टाकून मसाला खरवडला की ती स्वच्छ होते, आणि आम्ही फोटोवाले तीच चौकटीला वापरायचो. हे काम माझी बायको करायची. तिनं त्या धुराच्या दोन्ही काचा धुऊन दिल्या; पहिली मी या चौकटीला लावली, दुसरी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या. धंद्यातली नेहमीची काटकसर, त्यात वेगळं काही नव्हतं.

स्टेशनावर मी गेलो होतो. घाट उतरायच्या आधी गाडी तिथं थांबते, तेवढ्यात रडारड, गाठोडी, हाका, सगळं उरकावं लागतं. नामदेव दारात उभा होता. “येतो” म्हणाला, ती “ये” म्हणाली, आणि गाडी बोगद्याच्या दिशेनं गेली तरी फलाटावर तिची मान नाही नाही म्हणत होती. मी कॅमेरा नेला नव्हता ते बरं झालं.

पुढली वर्षं चिमाबाई बाजाराला येत राहिली. अंडी विकून झाली की माझ्या पायरीवर बसायची, लढाईचं काय म्हणतात ते विचारायची, मी वर्तमानपत्रातलं सांगायचो. नामदेवाची खबर कधी यायची, कधी सहा-सहा महिने नाही. एकदा मी फोटोची चौकशी केली. ती म्हणाली, भितीकडं तोंड करून लावलाय. ती बाई टक लावून बघती, हलत न्हाई, मला भ्या वाटतं. त्यो आला की सरळ करीन.

त्याच सुमारास शेटजींचा कुत्रा म्हातारा झाला आणि त्यांनी तो आरशाचा कॅमेरा मला स्वस्तात देऊन टाकला. माझ्या अंगात आलं. आता जे जे पळतं ते ते पकडायचं म्हणून मी इंदुरीच्या जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीत जाऊन उभा राहिलो. वराळ्याच्या एका पाटलाची गाडी पहिली आली, मी ती नेमकी टिपली. पण त्या कॅमेऱ्याची एक खोड होती. आतला पडदा सरकून पुरा होईपर्यंत चाक थोडं पुढे गेलेलं असायचं, त्यामुळे फोटोत गोल चाक अंड्यासारखं लांबट आणि पुढे कललेलं यायचं. हरलेल्यांनी फोटो बघून गावभर केलं, की पाटलाची गाडी मोडकी होती, अशी गाडी जिंकेलच कशी. पाटील संतापला. चाक काढलं, दुसऱ्या गाडीत घातलं आणि थेट माझ्या दुकानात आणून आपटलं. “बघा भाऊ, गोल हाय का न्हाई?” गोल होतं. चार लोकांत मला तसं म्हणावं लागलं, वर त्याला चहा पाजावा लागला. चपळ कॅमेरा म्हणजे सगळं खरंच सांगतो हा माझा भ्रम तेव्हा निम्मा उतरला. उरलेला निम्मा नामदेवानं उतरवला.

लढाई थांबली. मग ती तापाची साथ आली. मावळात घराघरांतून माणसं गेली, वाकसईतही गेली. चिमाबाई आडवी पडली होती ती उठली. नामदेवाची मात्र कित्येक महिने काही खबर नव्हती, आणि बाजारात आता कुणी तिला त्याच्याबद्दल विचारत नसे.

एका दुपारी दुकानाच्या दारात कुणी तरी उभं राहिलं. मी वर बघितलं. गालफडं बसलेली, खाकी कपडे ढगळ झालेले. ओळखायला मला वेळ लागला. तो आत आला नाही. मुंबईहून आलेल्या गाडीतून उतरून तो आधी माझ्याकडे आला होता. घराकडे जायला त्याचा पाय उचलत नव्हता. साथीबद्दल त्याला बोटीवरच कळलं होतं.

“भाऊ,” तो म्हणाला, “आय हाय का?”

मी म्हणालो, “आहे. परवाच्या बाजारात अंडी विकून गेली.”

तो पायरीवर मटकन बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून हुंदके देऊन रडला. पानवाला धावत पाणी घेऊन आला आणि पहिल्यांदाच काही न बोलता परत गेला. मीही रडलो. सांगायला लाज कसली?

शांत झाल्यावर त्यानं खिशातून फोटो काढला. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, घामाचे डाग पडले होते, पण चेहरा तसाच स्पष्ट होता. तो सावकाश बोलत गेला. म्हणाला, सुरुवातीला लय बरं वाटायचं. रोज बघायचो. मग तिकडं मेलेली मान्सं लय बघितली. ती बी अशीच, डोळं उघडं, तोंड उघडं, आन हलत न्हाईत. मग फोटू काढला की वाटायचं, आय गेली. तरी काढायचो, न्हाई काढला तर चैन पडायची न्हाई.

तो पुढे म्हणाला, “भाऊ, ह्यात ती नुसती ‘ये’ म्हनती. माजी आय तोंडानं ‘ये’ म्हनायची आन मानंनं ‘नगं जाऊ’ म्हनायची. मला दोनी पायजेल हुतं. त्यो पैला फोटू हाय का, बिघडल्याला? त्यात ती हुती.”

ती काच धुऊन त्याच्याच घरी, त्याच फोटोवर लावली आहे, हे मी त्याला सांगितलं. बायको आतल्या दारात उभी होती, ती पदरानं डोळे पुसत आत गेली. नामदेवानं कोपऱ्याकडे बघितलं. तिथं माझी जुनी पेटी चादर पांघरून उभी होती. “त्यो ढिला क्यामेरा अजून चालतो का?” त्यानं विचारलं. मी म्हणालो, चालतो. “मंग येतो आयला घिऊन,” म्हणाला, आणि वाकसईच्या वाटेला लागला. आधी चालत होता, उंबर ओलांडल्यावर धावायला लागला.

पुढच्या बाजाराला दोघं आली. तिनं इरकली लुगडं नेसलं होतं. फोटोची चौकट आता सरळ लावली आहे असं तिनं आल्या आल्या सांगितलं. ती बाई बघती तर बघू दे, म्हणाली, आता मला भ्या न्हाई. मी पेटीवरची धूळ पुसली, भात्याला एक भोक पडलं होतं तिथं पट्टी चिकटवली. चिमाबाई खुर्चीवर, नामदेव तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे. चिमटा मी आणलाच नाही.

कापडात डोकं घातलं. दुधी काचेवर दोघं उलटी उभी, आणि उलट्या डोक्यानंही तिचं नाही नाही चालू. काच सरकवली, कापडाबाहेर आलो, शेजारी उभा राहिलो. नामदेव एखाद्या खांबासारखा ताठ. तिच्याकडे बघितलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझं तोंड उघडलं, तसंच मिटलं. टोपी हातात धरून मी नुसताच उभा.

चिमाबाई वाट बघत होती. मग तिला राहवलं नाही. “भाऊ,” ती म्हणाली, “आज हलू नका म्हनला न्हाई?”

“नाही मावशी,” मी म्हणालो, “हला.”

आणि टोपी काढली.